बेसकॅम्प बारामती

मुग्धा फ्रान्सहून परत आली आणि आमच्या ग्रुपचं जगणं मुश्कील झालं. चीज वगैरे ठीक आहे हो, तेवढं सहन करतो आम्ही. पण या वेळी बाईसाहेब एक एक्सेल शीट घेऊन आल्या होत्या. ती, तिचा नवरा आणि दोन मित्र असे चौघं दोर्दोन्य नावाच्या खेड्यापाड्यांच्या भागात एक जुनं दगडी घर भाड्याने घेऊन आठवडाभर राहिले. पॅरिस नाही, आयफेल टॉवर नाही. एकच घर, एकच स्वयंपाकघर, आणि रोज सकाळी गाडी काढून तासाभराच्या अंतरात कुठेतरी जाऊन यायचं. संध्याकाळी पुन्हा त्याच घरी, त्याच अंगणात, त्याच शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या भुंकण्यात.

'बॅग फक्त एकदा उघडायची आणि एकदा भरायची,' मुग्धा म्हणाली. हे ऐकून मात्र मी कॉफीचा मग खाली ठेवला. कारण माझ्या आयुष्यातली प्रत्येक ट्रिप म्हणजे रोज सकाळी सात वाजता ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणं. आपल्याकडे सहा दिवसांत राजस्थान होतं, पाच दिवसांत अख्खं केरळ. घरी आल्यावर फोटो बघून विचारावं लागतं, हे उदयपूर की जोधपूर?

अशा घराला तिकडे 'झीत' म्हणतात. शेतकऱ्याच्या आवारातलं रिकामं घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं. हे काही ऑनलाईन बुकिंगच्या जमान्यातलं फॅड नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधली खेडी रिकामी व्हायला लागली, तेव्हा शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत आणि शहरातल्या माणसाला स्वस्तात सुट्टी मिळावी म्हणून ही कल्पना निघाली. १९५५ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही झाली. मुग्धाच्या शीटमध्ये हे काही नव्हतं. तिच्या शीटमध्ये होतं ते 'सार्लाचा बाजार बुधवार आणि शनिवार', 'रविवारी दुपारनंतर काहीही उघडं नाही', 'जेवण दोनच्या आत, नाहीतर उपास'. आणि लास्कोची गुहा. म्हणजे खरी गुहा नव्हे. खरी १९६३ पासून बंद आहे, माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून. लोक बघतात ती हुबेहूब नक्कल. 'नक्कल बघायला रांग लावलीत?' मी विचारलं. 'सॉलिड होती,' ती म्हणाली.

ही गोष्ट २०२४ च्या फेब्रुवारीतली. माझ्याकडे फ्रान्सचे पैसे नव्हते. (फ्रीलान्सरकडे सुट्टी भरपूर असते, पैसे तेवढे येणे असतात.) पण शीट होती. आणि आई होती, जी गेली तीन वर्षं 'कुठंतरी जाऊया गं' म्हणत होती आणि कुठे ते सांगत नव्हती.

तर मी फंडा उचलला आणि बारामतीत आणून ठेवला.

बारामतीच का? एक, पुण्याहून शंभरेक किलोमीटर, म्हणजे ब्रेकफास्ट घरी आणि लंच तिकडे. दोन, नकाशा उघडा आणि बारामती-भिगवण रस्त्यावर कुठेतरी बोट ठेवा. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि बारामतीच्या उशाशी कऱ्हा. तासाभरात पश्चिमेला मोरगाव आणि सुपे, उत्तरेला भिगवणचं बॅकवॉटर, पूर्वेला इंदापूर. थोडी जास्त तंगडतोड करायची तयारी असेल तर भीमेपलीकडे सिद्धटेक किंवा नीरा-भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर. एवढ्याशा वर्तुळात एवढं सगळं! आणि तीन, शेतावर राहण्याची सोय या भागाला नवी नाही. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं, तेव्हा 'शेत बघायला पैसे?' म्हणून हसणारे आपणच होतो. आता त्या पट्ट्यात बऱ्यापैकी पर्याय आहेत.

चौथं कारण मी आईला सांगितलं नव्हतं. तिचं माहेर पळसदेव. इंदापूर तालुका, सोलापूर हायवेला लागून. म्हणजे आत्ता हायवेला लागून आहे ते नवं पळसदेव. आई जन्मली ते जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात आहे. धरणात पाणी साठायला लागलं तेव्हा ती सहावीत होती. एवढंच मला माहीत होतं, कारण एवढंच ती सांगायची.

बेस ठरवणं हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात अवघड भाग, आणि त्याचं कारण किलोमीटर नव्हेत. त्याचं कारण मामा. नव्या पळसदेवला मामाचं छान दोन मजली घर असताना बहीण आणि भाची बारामतीजवळ पैसे देऊन राहणार? मामाने फोनवर एकच वाक्य टाकलं, 'आमचं घर पडलंय का?' मी म्हटलं झालं, कॅन्सल करा. पण आईने फोन माझ्या हातातून घेतला. 'दादा, तुझ्याकडं आले की मी स्वयंपाकघरातनं बाहेर येत नाही. आत्तापर्यंत कधी आले का सांग. या वेळी मला फिरायचंय.' पलीकडे शांतता. मग मामी मागून ओरडल्या, 'बरोबर बोलतायत वन्स!'

मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. नातेवाईक ज्या गावात आहेत त्या गावात बेस करायचा नाही. तासाभराच्या आत करायचा, म्हणजे जाता येतं, आणि परत येता येतं.

आमचं घर म्हणजे शेतातल्या दोन खोल्या, पुढे पडवी, बाजूला गोठा आणि तिन्ही बाजूंना ऊस. मालकीणबाई सकाळी दूध आणि रात्री भाकरी द्यायच्या, बाकी गॅस आणि भांडी आमच्या ताब्यात. आईने पहिल्या दिवशी भांडी घासून पुन्हा लावली, आणि 'आता हे आपलं' अशा चेहऱ्याने पडवीत बसली. माझी शीट तयार होती. पाच दिवस, सात ठिकाणं, कलर कोडिंगसकट.

पहिला दिवस फुकट गेला. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाचेक चौरस किलोमीटरचं, अगदी चिमुकलं. पण तिथे चिंकारा आहेत. शीटमध्ये मी लिहिलं होतं 'मोरगाव दर्शन ९.००, अभयारण्य ११.३०'. आता मार्चमध्ये साडेअकरा वाजता माणूस उन्हात उभा राहत नाही, हरीण कशाला राहील? आम्ही वाळलेलं गवत बघितलं, खूप बघितलं. चौकीवरच्या माणसाने कीव येऊन सांगितलं, 'मॅडम, उजाडताना या, नाहीतर चारनंतर.' म्हणजे उलटं करायला हवं होतं. आधी हरणं, मग गणपती. मोरया कुठे जात नाही.

पण त्या दिवशी एक गोष्ट दिसली जी शीटमध्ये नव्हती. सकाळी निघालो तेव्हा सगळं हिरवंगार, ऊस, केळी, पाटाचं पाणी. मोरगावच्या बाजूला सरकत गेलो तसा रंग उडत गेला. एकच तालुका, पण अर्धा बागायती आणि अर्धा जिरायती. नीरेचा डावा कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढला, तो तालुक्याच्या दक्षिणेकडून जातो. त्याचं पाणी जिथे पोचतं तिथे साखर कारखाने, जिथे पोचत नाही तिथे ज्वारी, मेंढ्या आणि चिंकारा. आपण पेपरात 'बारामती मॉडेल' वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर फक्त पहिला अर्धा भाग येतो. आई म्हणाली, 'पाणी आलं की माणसं सुधारतात म्हणतात. आमच्याकडं आलं तेव्हा आम्हाला उठवलं.' मी गाडी चालवत होते, मला पटकन काही सुचलं नाही.

दुसरा दिवस भिगवण. इथे मात्र शीटला शंभरपैकी शंभर. पहाटे साडेपाचला निघालो, उजाडताना काठावर. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, इथे हिवाळ्यात येतो आणि पाणी आटून चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडले की जास्त दिसतो. त्याला खोल पाणी नको असतं, चोच उलटी करून चिखल गाळायचा असतो. म्हणून ज्या वर्षी उजनी काठोकाठ भरते त्या वर्षी फोटोग्राफर मंडळी तोंड पाडून परत येतात. त्या वर्षी उलट होतं. २०२३ च्या पावसाने दगा दिला होता, धरण जानेवारीतच मृतसाठ्यात गेलेलं. शेतकऱ्यांचं तोंडचं पाणी पळालेलं, आणि आमच्यासमोर गुलाबी रांगाच रांगा. फोटो मस्त आले. फार मस्त वाटू नये असं वाटत होतं, पण वाटलं.

नंतर हायवेवर चिलापीचं कालवण आणि तळलेला मरळ. भिगवणला येऊन पनीर मागवणाऱ्यांशी मी मैत्री ठेवत नाही.

तिसऱ्या दिवशी शीटमध्ये वालचंदनगर आणि इंदापूर होतं. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वसवलेलं अख्खं कारखान्याचं गाव, जिथे पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनले. आणि इंदापूरला मालोजीराजांची गढी. मला दोन्ही बघायचं होतं. आईने सकाळी जाहीर केलं, 'आज मी कुठं येत नाही. कपडे धुवायचेत.' सुट्टीत कपडे? पण मुग्धाच्या शीटमध्येही चौथा दिवस कोरा होता, त्यावर फक्त 'घरी' लिहिलेलं. तेव्हा मला तो आळस वाटला होता. आम्ही कपडे धुतले, गोठ्यातल्या वासराला नाव ठेवलं, दुपारी झोपलो. संध्याकाळी बारामतीत चक्कर टाकली. शाळेत ज्यांच्या आर्यांनी छळलं ते मोरोपंत अठराव्या शतकात इथेच, कऱ्हेकाठी राहिले, इथेच त्यांनी ढीगभर लिहिलं. आईला त्यांच्या दोन आर्या पाठ निघाल्या. मला एकही नाही, आणि मास कम्युनिकेशनची डिग्री माझ्याकडे आहे.

बारामतीहून परत येताना एक धडा मिळाला. नोव्हेंबर ते मार्च हा उसाच्या गाळपाचा हंगाम. अंधारात समोर मागचा दिवा नसलेली, दोन ट्रॉल्या जोडलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लोंबणारी गाडी अचानक उगवते. तुम्हाला दिसतं ते फक्त काळं काहीतरी. माझा पाय ब्रेकवर कसा गेला मला माहीत नाही. तेव्हापासून नियम, दिवेलागणीच्या आत बेसवर. फ्रान्समध्ये जेवणाची वेळ सांभाळायची, इथे ट्रॉल्यांची.

चौथा दिवस. शीटवर लिहिलं होतं 'पळसदेव, ४५ मिनिटं, फोटो. मग नीरा नरसिंहपूर, लंच, संगम, परत'.

पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ उजनीच्या पाण्यात आहे आणि पाणी खूप खाली गेलं की ते वर येतं. आधी शिखर, मग खांब, मग अंगण. त्या वर्षी ते बाहेर आलं होतं, पेपरात फोटो येत होते, लोक बघायला गर्दी करत होते. मामा काठावर वाट बघत उभा होता, पांढरा शर्ट, टोपी, हातात मामीने दिलेला डबा. राग गेला नव्हता. 'आलात का, पाहुणे?' असं म्हणाला.

मासेमारीच्या होडीतून थोडं अंतर गेलो आणि मग चिखलातून चालत. भेगा पडलेली जमीन, त्यात शिंपले, मधेच एखाद्या घराचं जोतं. आई चप्पल हातात घेऊन चालत होती. मला वाटलं आता ती रडेल. मी पर्समध्ये टिश्यूसुद्धा ठेवले होते, खरं सांगते.

आई रडली नाही. देवळासमोर उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, 'गिरणी इथं होती.'

'इथं कुठं?' मामा म्हणाला. 'गिरणी त्या अंगाला. इथं तर शिंप्याचं घर.'

'शिंप्याचं घर वेशीपाशी, दादा.'

'तू किती एवढीशी होतीस तेव्हा!'

'दळण कोण आणायचं? तू?'

पुढचा दीड तास त्या दोघांनी पाय आपटत, ढेकळं तुडवत एक अख्खं गाव चिखलावर आखलं. ही आळी, हा पार, इथे शाळा, इथे आत्याच्या लग्नात मांडव. साठीतला मामा एका जोत्यावर उभा राहून 'मी आत्ता आपल्या ओसरीवर आहे' असं ओरडत होता, आणि आई लांबून 'ओसरी नाही ती, गोठा आहे!' म्हणत होती. जाळं आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना शेवटी पंच नेमलं. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसरीकडेच बोट दाखवलं. गिरणी तिकडे होती म्हणे. दोघांनीही ते साफ नाकारलं.

मी काय करत होते? आधी फोटो. मग फोटो बंद केले आणि मागच्या कोऱ्या पानावर शीटऐवजी त्यांचा नकाशा काढायला बसले. आईचा निळ्या पेनने, मामाचा काळ्या. ते पान माझ्याकडे आहे. गिरणी त्यात दोन ठिकाणी आहे, पंचांची धरून तीन.

डबा देवळाच्या सावलीत उघडला. चार वाजले. नरसिंहपूर गेलं उडत, आणि मला, कलर कोडिंगवालीला, त्याचं काही वाटलं नाही.

आता जे सांगायचंय ते. परत फिरताना वारा सुटला होता. उजनीचं पाणी लांबून तळ्यासारखं दिसतं, पण धरणाच्या एवढ्या मोकळ्या पसाऱ्यात वाऱ्याला अडवायला काही नसतं. लाटा होडीच्या काठाला थडकायला लागल्या. आईने माझा दंड घट्ट धरला होता. मामा मोठ्याने काहीतरी विनोद सांगत होता, जो कुणी ऐकत नव्हतं. होडीत सहा माणसं. लाईफ जॅकेट एकही नाही. चढताना ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, मी फोनची बॅटरी बघत होते.

दहा मिनिटांत काठ आला, आम्ही उतरलो, चिखल धुतला, विसरलो.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट याच जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. ते फिरायला निघालेले नव्हते. त्या दोन काठांवरच्या माणसांना रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून लोक रोज तसेच जायचे. धरण झालं तेव्हापासून नदीच्या जागी समुद्र आलाय आणि पलीकडच्या गावात लेकी दिलेल्या आहेत.

बातमी बघितली तेव्हा आईने टीव्ही बंद केला आणि मामाला फोन लावला. काय बोलली ते मला माहीत नाही, मी गॅलरीत होते. मला फक्त आमच्या होडीतली ती दहा मिनिटं दिसत होती. पाच दिवसांच्या ट्रिपचा मिनिटामिनिटाचा हिशेब मी केला होता, कुठल्या ढाब्यावर कुठला मासा इथपर्यंत. आणि आईला पाण्यावर नेताना एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

आता शीटमध्ये पहिल्या ओळीत तो प्रश्न आहे. जॅकेट आहेत का? नसतील तर काठावरून बघायचं, कितीही लांबून आलेलो असलो तरी. दुसरी ओळ, पाण्यावर फक्त सकाळी. दुपारनंतर वारा वाढतो, हे तिथलं प्रत्येक जण जाणतं, फक्त आपण विचारत नाही. होडीवाल्याने 'काय होत नाय ओ' म्हटलं तर हसून परत फिरायचं. वाईट दिसतं, दिसू दे. मुग्धाने ही ओळ वाचली आणि म्हणाली, 'इतकी सीरियस का झालीस?' मी तिला गिरणीचा नकाशा दाखवला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात उजनी भरली आणि देऊळ पुन्हा पाण्याखाली गेलं. आम्ही गेल्या हिवाळ्यात पुन्हा त्याच शेतातल्या खोल्यांत राहिलो, या वेळी सात दिवस आणि चारच ठिकाणं. चिंकारा पहाटे दिसले, तीन. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वन विभागाने गवताळ रानातली सफारीही सुरू केली आहे, ती पुढच्या खेपेला. मामा एक दिवस आमच्याकडे जेवायला आला, पाहुणा म्हणून. आईने पिठलं केलं, त्याने नावं ठेवली. वासराची गाय झाली होती.

जेवण झाल्यावर मी ते पान काढलं. मामाने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं. 'शाळा चुकलीय,' म्हणाला.

'आता शाळा पण?' आई आतून ओरडली.